टायर रिकॉल आणि टायर क्लेम: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात आणि तो परत का येतो

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांतलं एखादं तरी मूल अमेरिकेत आहे. त्यामुळे तिकडच्या बातम्या इथल्या ग्रुपवर लगेच पोहोचतात. कॅम्पिंगच्या ट्रेलरचे टायर कंपनीने परत मागवले, फुकट बदलून मिळणार, असा निरोप फिरला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मंडळी आपल्या गाडीची आरसी घेऊन शोरूम गाठतात आणि हात हलवत परत येतात. तो रिकॉल तिकडे विकलेल्या मालाचा असतो. ब्रँडचं नाव सारखं आहे म्हणून तो इथल्या टायरला लागू होत नाही.

मुलाकडे किंवा मुलीकडे तिकडे खरंच असा ट्रेलर असेल तर त्यांना एवढं कळवा. तिकडच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर ट्रेलरचा चॅसिस नंबर टाकून काही दिसलं नाही, तरी निश्चिंत राहू नका. टायरचे रिकॉल तिथे वेगळ्या भागात, ब्रँड आणि मॉडेलप्रमाणे शोधावे लागतात आणि मग टायरवरचा नंबर जुळवावा लागतो. सूचना मिळाल्यापासून किंवा बदली टायर उपलब्ध झाल्यापासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून १८० दिवसांत टायर नेऊन द्यायचा. मूळ खरेदीला ५ वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर फुकट बदलून देण्याची सक्ती कंपनीवर नाही. त्यांचं पत्र ट्रेलरच्या कागदांवर असलेल्या पत्त्यावरच जातं. घर बदललं असेल तर आधी पत्ता बदला.

आता इथलं. आपल्याकडे तीन वेगळ्या वाटा आहेत: कंपनीचा रिकॉल, टायर कंपनीकडचा वॉरंटी क्लेम आणि सरकारी पोर्टलवरची तक्रार. बरेच अर्ज केवळ चुकीच्या वाटेने गेल्यामुळे परत येतात.

पहिली वाट सोपी आहे. कंपनीने स्वतःहून रिकॉल जाहीर केला असेल तर तिच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकायचा. नंबर यादीत असेल तर सर्व्हिस सेंटरला वेळ घ्यायची, पैसे द्यायचे नाहीत. अडतं ते नंबरापाशी. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुम्हाला ओ वाटतंय ते शून्य आहे, आय वाटतंय तो एक आहे. ‘नोंद सापडत नाही’ असं आलं की लोक आपली गाडी सुटली असं समजतात. अशा किती जणांचा नंबर मी शेजारी बसून पुन्हा टाकला आहे, आणि गाडी यादीत निघाली आहे.

सेकंडहँड गाडीवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. कंपनीचा फोन किंवा पत्र तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला जातं, म्हणजे बहुधा पहिल्याला. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून घेतलेल्या एमएच नंबरच्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांना रिकॉल झाल्याचा पत्ताच नसतो. पण रिकॉलचं काम गाडीचं असतं, पहिल्या मालकाचं नाही. चॅसिस नंबर यादीत असेल तर दुसऱ्या मालकाच्या गाडीचंही काम झालंच पाहिजे. काउंटरवर कुणी ‘आधीच्या मालकाला पाठवा’ म्हणालं तर मॅनेजरकडून नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर नकार देणारे फार थोडे.

आणखी एक गोष्ट. चॅसिस नंबर सांगतो तो फक्त गाडीसोबत आलेल्या टायरबद्दल. तुम्ही मधे टायर बदलले असतील तर तो शोध तुमच्या उपयोगाचा नाही, टायरवरचाच नंबर पाहावा लागेल. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या नंबरातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. हे चार आकडे बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि टायर उलटा बसवला असेल तर ती बाजू गाडीच्या आत राहते. टॉर्च घेऊन खाली वाका किंवा गॅरेजात गाडी जॅकवर चढवून घ्या. डिक्कीतली स्टेपनीही तपासा. पाचवा टायर जवळजवळ सगळेच विसरतात.

रिकॉल नाही, पण टायरला फुगा आला किंवा तो फाटला, तर वाट दुसरी: वॉरंटी क्लेम. गाडीच्या कंपनीची वॉरंटी साधारणपणे टायरला लागत नाही, टायर कंपनीकडेच जावं लागतं. दुकानदारामार्फत अर्ज जातो, कंपनीचा माणूस टायर तपासतो, आणि दोष कारखान्याचा निघाला तर झालेली झीज वजा करून भरपाई मिळते. पूर्ण नवा टायर फुकट मिळेल या आशेने जाऊ नका.

इथे लागणारा आणि कुणाकडेच नसणारा कागद म्हणजे टायरचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल. बिलावर ‘टायर, नग ४’ एवढंच असतं. मग हाच टायर त्या बिलातला, हे सिद्ध कसं करणार? नवे टायर घेताना दुकानदार कुरकुरला तरी चारही नंबर बिलावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर थोडे पैसे वाचतात, पण क्लेमच्या वेळी ती चिठ्ठी कुणी हातातही धरत नाही.

दुसरी चूक याहून वाईट. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा टायर मे महिन्याच्या भर दुपारी अहमदाबाद एक्स्प्रेस-वेवर फुटला. सगळे सुखरूप होते, हे मोठं. पण फाटलेला टायर त्यांनी तिथल्याच मेकॅनिकला देऊन टाकला. नंबर लिहिलेलं बिल होतं, फोटो होते, तरी तपासायला टायरच नाही म्हणून क्लेम नाकारला गेला. जुना टायर घरी आणा, कितीही घाण असो. फुगा दिसला की त्याच टायरवर गाडी पुढे नेऊ नका, जिवासाठी तर नकोच. शिवाय हवा नसताना चाललेल्या टायरच्या बाजूवर गोल घासल्याची खूण उमटते आणि ‘कमी हवेवर चालवला’ असा शेरा बसतो. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपर्यंत झिजली असेल तर क्लेम करण्यात अर्थ नाही, तो टायर रस्त्यावर आणणंच नियमाविरुद्ध आहे.

तिसरी वाट सरकारची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीतल्या, सुरक्षेला धोका असलेल्या दोषाची तक्रार मालक परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरच्या रिकॉल विभागात करू शकतो. हे नीट समजून घ्या: या तक्रारीने तुमचा टायर बदलून मिळत नाही. त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात पुरेशा तक्रारी जमल्या की चौकशी होते आणि मग कंपनीला आदेश निघू शकतो. तरीही तक्रार करा. एकेकाने मनात ठेवलेला दोष सरकारला कधीच दिसत नाही.

इथे अर्ज अडतो तो आरसीपाशी. गाडी तुमच्या नावावर हवी. गाडी नावावर करून घेण्याचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून कपाटात ठेवले म्हणजे नाव बदलत नाही. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणा आणि दरजीपुऱ्याच्या आरटीओत नोंद करून घ्या. जुना मोबाइल नंबर बंद झाला असेल तर परिवहनच्या पोर्टलवर तोही आधी बदला, नाहीतर ओटीपी येणार नाही.

तिन्हीकडे दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. टायर मुंबईत घेतला असला तरी तुम्ही राहता बडोद्यात, म्हणून तक्रार बडोद्यात चालते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची, आणि ती लोक कंपनीच्या शेवटच्या ईमेलपासून मोजतात. तसं मोजू नका, टायर फुटला त्या दिवसापासून धरून चाला. बिल पेढीच्या नावावर असेल तर ‘व्यापारी वापर’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. गाडी घरच्या वापरासाठी किंवा स्वतःच्या पोटापाण्यासाठी असल्याचे पुरावे अर्जासोबतच जोडा. आणि कंपनीच्या तपासणी अहवालाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. तोंडी सांगितलेलं ‘रिजेक्ट’ आयोगासमोर ठेवता येत नाही.