मार्गदर्शक श्वान

अंध आणि अंशतः अंध व्यक्तींना घराबाहेर स्वतंत्रपणे वावरता यावे म्हणून खास निवडलेला व प्रशिक्षित केलेला कुत्रा. बोलण्यात ‘गाइड डॉग’ हेच नाव अधिक चालते. कर्णबधिर, अपस्मार असलेल्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तींना मदत करणारे कुत्रे हा सहायक श्वानांचा निराळा वर्ग असून त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

मार्गदर्शक श्वान आपल्या धन्याला हव्या त्या ठिकाणी आपण होऊन नेऊन पोहोचवतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. वाट माणसाला ठाऊक असते. कुठे जायचे, कितव्या चौकात वळायचे आणि रस्ता केव्हा ओलांडायचा हे माणूस ठरवतो व तसा हुकूम देतो. त्या वाटेवरचे खड्डे, खांब, पायऱ्या, माणसे आणि वाहने यांतून दोघांना सुखरूप काढणे हे कुत्र्याचे काम. कामाची ही विभागणी लक्षात घेतल्याशिवाय या प्रथेचा इतिहास आणि तिचे तंत्र ही दोन्ही नीट उलगडत नाहीत.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरातील एका भित्तिचित्रात अंध मनुष्य व त्याला नेणारा कुत्रा दिसतो, असे विधान या विषयावरील बहुतेक लेखनात आढळते. मात्र या वर्णनाशी जुळणारे सुपरिचित चित्र पॉम्पेईतील, ज्युलिया फेलिक्स हिच्या वास्तूतील आहे. नगरचौकातले रोजचे व्यवहार दाखवणाऱ्या लांब चित्रपट्टीचा तो एक तुकडा असून अठराव्या शतकाच्या मध्यास उत्खननात मिळालेली ही पट्टी आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हाती काठी घेतलेला, फाटक्या वस्त्रांतील दाढीवाला पुरुष, त्याच्याजवळचा दोरीने बांधलेला कुत्रा आणि त्याला काही देऊ करणारी स्त्री असे ते दृश्य आहे. पुरुष भिकारी असावा याविषयी फारसे दुमत नाही. तो अंध आहे किंवा कसे, हे चित्राच्या आजच्या पुसट अवस्थेत ठरवणे अवघड असून केवळ कुत्रा व काठी यांवरून तसा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. दोन्ही नगरे एकाच उद्रेकात नष्ट झाल्याने नावांची अदलाबदल झाली असणे शक्य आहे. तथापि हर्क्युलेनियमचे म्हणून सांगितले जाणारे चित्र वेगळेच होते, ही शक्यताही पूर्णपणे नाकारता येत नाही.

तेराव्या शतकातील समजल्या जाणाऱ्या एका चिनी गुंडाळीचित्रात कुत्र्यामागून चालणारा अंध मनुष्य असल्याचे सांगितले जाते. मध्ययुगीन यूरोपातील हस्तलिखितांच्या समासचित्रांत अंध भिकारी व त्याचा कुत्रा ही जोडी अनेकदा येते. काही चित्रांत तर भिक्षापात्र कुत्र्याच्याच तोंडात आहे. या सर्व पुराव्यावरून अंध माणसे फार पूर्वीपासून कुत्र्याची सोबत घेत असत, एवढे निश्चित म्हणता येते. पण या चित्रांतील कुत्रा सहसा सैल दोरीला बांधलेला असतो. दोरीमुळे कुत्रा कोणत्या बाजूला चालला आहे एवढे कळते. तो थांबला की नाही, पायरी चढला की उतरला, हे दोरीच्या टोकाशी उशिरा आणि अंधूक पोहोचते. त्यामुळे या कुत्र्यांना आजच्या अर्थाने मार्गदर्शक श्वान म्हणणे प्रस्तुत नोंदलेखकास सयुक्तिक वाटत नाही.

पद्धतशीर प्रयत्नांचा आरंभ : फ्रान्सचा राजा नववा लुई याने 1260 च्या सुमारास पॅरिसमध्ये अंधांसाठी स्थापन केलेल्या कँझ-व्हँ या आश्रमात 1780 च्या आसपास कुत्र्यांना शिकवण्याचे प्रयत्न झाले, असे मानतात. त्यानंतरचा ठळक उल्लेख व्हिएन्नाचा आहे. योझेफ राइझिंगर या अंध कारागिराने 1788 च्या सुमारास स्पिट्झ जातीचा कुत्रा इतका तयार केला होता की, हा माणूस खरोखरच अंध आहे का, अशी शंका लोक घेत. कुत्रा शिकवणारा येथे स्वतः अंध होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. पुढे 1847 मध्ये याकोप बिरर या स्विस अंध गृहस्थानेही आपणच शिकवलेल्या कुत्र्याबरोबरचे अनुभव प्रसिद्ध केले. डोळस प्रशिक्षकांच्या शाळा निघण्यापूर्वी हे ज्ञान अंध माणसांनी आपल्या चालण्यातून मिळवले होते. त्याचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

व्हिएन्नातील अंधशिक्षणसंस्थेचा संस्थापक योहान व्हिल्हेल्म क्लाइन याने 1819 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्यापनविषयक ग्रंथात कुत्र्याच्या प्रशिक्षणाची पद्धत सांगितली आहे. कुत्रा व माणूस यांच्यामध्ये दोरीऐवजी ताठ दांडा असावा, ही कल्पना सामान्यतः त्याच्या नावावर मांडली जाते. वरकरणी बारीक वाटणारा हा बदल निर्णायक होता. दांडा ताठ असला की कुत्र्याच्या खांद्यांची प्रत्येक हालचाल माणसाच्या डाव्या मुठीत उतरते. कुत्रा कडेला सरकला तर मूठ सरकते, त्याने वेग कमी केला तर मूठ मागे येते, तो पायरी उतरला तर मूठ खाली झुकते. क्लाइनच्या सूचनेचा त्या काळी प्रत्यक्ष प्रसार किती झाला हे सांगणारी साधने तुटपुंजी आहेत.

आधुनिक शाळा : संस्था म्हणून मार्गदर्शक श्वानांचा इतिहास पहिल्या महायुद्धातील जर्मनीत सुरू होतो. विषारी वायू व स्फोट यांमुळे हजारो सैनिक अंध होऊन परतत होते. आघाडीवर जखमी शोधण्यासाठी कुत्रे तयार करणाऱ्या जर्मन संघटनेशी संबंधित असलेले डॉ. गेऱ्हार्ट श्टालिंग एका अंध सैनिकाबरोबर रुग्णालयाच्या आवारात फिरत असता त्यांना अचानक बोलावणे आले. त्यांनी आपला कुत्रा सैनिकाजवळ ठेवला आणि परत आल्यावर कुत्रा त्याची काळजी घेत असल्याचे त्यांना जाणवले, अशी हकीकत सांगितली जाते. उगमकथांना नंतर मिळणारा गोटीबंदपणा तिच्यात आहे. शाळा मात्र खरी आहे : ऑगस्ट 1916 मध्ये ओल्डेनबुर्ग येथे ती सुरू झाली आणि तिच्या शाखा इतर जर्मन शहरांत निघाल्या. भरभराटीच्या काळात वर्षाला 600 पर्यंत कुत्रे तयार होत, असे काही वृत्तान्त सांगतात. कुत्र्यांचा दर्जा घसरल्यामुळे 1926 मध्ये हा उपक्रम बंद पडला. तत्पूर्वी 1923 मध्ये जर्मन शेफर्ड संघटनेने पॉट्सडॅम येथे स्वतंत्र शाळा काढली होती. प्रशिक्षणाची आजची घडी बव्हंशी तिथली आहे.

डॉरोथी हॅरिसन यूस्टिस ही अमेरिकन महिला स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हेजवळ जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास व अभ्यास करीत असे. पॉट्सडॅमची शाळा पाहून तिने लिहिलेला लेख 5 नोव्हेंबर 1927 रोजी एका अमेरिकन साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो लेख वाचून दाखवण्यात आला आणि त्याने तिला पत्र लिहिले. 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ ही कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या बंदरालगतचा वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट त्याने बातमीदारांसमक्ष बडीसोबत ओलांडला. 29 जानेवारी 1929 रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. नंतर ती न्यू जर्सी राज्यात हलली. अमेरिकन लेखनात कधीकधी येथूनच इतिहासाची सुरुवात केली जाते, ते योग्य नाही. फ्रँकचे खरे कार्य वेगळे आहे : उपाहारगृहे, हॉटेले व रेल्वेगाड्या यांचे दरवाजे कुत्र्यासह आत येणाऱ्या अंध व्यक्तीला उघडावेत, म्हणून तो अनेक वर्षे देशभर हिंडला.

ब्रिटनमध्ये म्यूरिएल क्रूक व रोझामंड बाँड या दोघींनी 1931 मध्ये वॉलसी येथे चार अंधांना पहिले चार कुत्रे मिळवून दिले आणि 1934 मध्ये तेथील राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस जर्मनीतून कुत्रे आणले गेले होते. देशातच प्रशिक्षित झालेला पहिला कुत्रा ‘चँपी’ 1957 चा. शाळांचे समान मानदंड ठरवणारा आंतरराष्ट्रीय महासंघ 1989 मध्ये स्थापन झाला.

निवड व प्रशिक्षण : आरंभी जर्मन शेफर्ड जातीवर भर होता. आता लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि या दोहोंचा संकर यांना पसंती मिळते. केसांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी कधी पूडलही तयार करतात. बऱ्याच शाळा स्वतःच पैदास करतात. पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे झाले की स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते आणि एक-सव्वा वर्ष तेथे वाढते. बाजार, बस, लिफ्ट, गर्दी, लहान मुले यांची सवय त्याला इथे होते. नंतर शाळेतले प्रशिक्षण काही महिन्यांचे, व शेवटी भावी धन्याबरोबर काही आठवड्यांचा एकत्र सराव. जोडी लावताना चालण्याचा वेग, उंची, स्वभाव, राहणीमान हे सारे पाहिले जाते. अनेक कुत्रे या चाळणीतून बाद होतात. भित्रेपणा, पक्ष्यामांजरांचा अनावर ओढा किंवा सांध्यांचे दोष ही त्याची नेहमीची कारणे होत.

कुत्रा माणसाच्या डाव्या बाजूस, किंचित पुढे चालतो. त्याच्या अंगावरच्या हार्नेसचा (छातीपाठीभोवती बांधलेल्या पट्ट्यांचा) ताठ दांडा माणसाच्या डाव्या हातात असतो. दांडा हाती घेतला की काम सुरू, हार्नेस उतरवला की तो चारचौघांसारखा खेळकर कुत्रा, हा फरक त्याला पक्का ठाऊक असतो. फुटपाथच्या कडेशी थांबणे, जिना आल्यावर पहिल्या पायरीपाशी थांबणे, वळण्याचा हुकूम येईपर्यंत सरळ जाणे हे पहिले धडे. अवघड भाग पुढचा. कुत्र्याला स्वतःपुरती फट पुरते. त्याला आपल्याबरोबर माणसाचीही रुंदी धरून अंदाज घ्यावा लागतो. उंचीचे तर त्याहून कठीण. साडेपाच फुटांवर लोंबणारी फांदी किंवा दुकानाचा पुढे आलेला पत्रा कुत्र्याच्या दृष्टीने अडथळाच नसतो. सरावात प्रशिक्षक अशा ठिकाणी मुद्दाम थांबतो, वरच्या अडथळ्यावर हात आपटतो, मागे येऊन पुन्हा तीच वाट घेतो. कुत्रा वळसा घालू लागला की शाबासकी देतो. असे वारंवार घडल्यावर आपल्या डोक्याच्या खूप वर असलेल्या वस्तूचीही दखल कुत्रा घेऊ लागतो.

प्रशिक्षणाचा कळस म्हणजे हुकूम नाकारणे. माणसाने ‘पुढे’ म्हटले आणि समोरून गाडी येत असेल, किंवा पुढे उघडा खड्डा असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. प्रसंगी आडवे उभे राहून माणसाला अडवायचे. आधी आज्ञापालन पुरते अंगी बाणवून मगच हा अपवाद शिकवतात, कारण एरवी नकार आणि हट्ट यांत फरक उरत नाही. माणसालाही या नकारावर विश्वास ठेवायला शिकावे लागते. नवख्या जोडीत कुत्रा थांबल्यावर पुन्हा पुन्हा ‘पुढे’ म्हणण्याचा मोह माणसाला होतो, आणि तो मोडणे हा एकत्र सरावाचा महत्त्वाचा भाग असतो.

सिग्नलचा दिवा ओळखणे कुत्र्याला शिकवले जात नाही. कुत्र्याच्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने तांबडा व हिरवा हा भेद त्याला माणसासारखा कळत नाही. शिवाय रस्ता ओलांडण्याचा निर्णय माणसाचाच. तो वाहनांच्या आवाजावरून घेतला जातो. म्हणून जवळजवळ निःशब्द धावणाऱ्या विजेच्या व संकरित गाड्यांनी नवी अडचण उभी केली. अंधांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरल्यानंतर अशा गाड्यांनी कमी वेगात कृत्रिम आवाज करावा यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने 2010 मध्ये कायदा संमत केला. यूरोपातही तशी सक्ती आली.

पांढरी काठी व कुत्रा ही परस्परांची पर्यायी साधने मानली जातात, पण दोन्हींचे तत्त्व वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिचर्ड हूव्हर याने विकसित केलेल्या लांब काठीच्या तंत्रात काठी अडथळ्याला लागते आणि तो कळतो. कुत्रा अडथळा येण्यापूर्वीच वळसा घालतो. कुत्र्याबरोबर चालणे त्यामुळे वेगवान होते. मात्र काठीला लागणारा खांब, भिंत, कठडा याच वाटेच्या खुणा असतात आणि कुत्र्याबरोबर त्या हुकतात. म्हणूनच काठीने चालण्याचे व दिशाभान राखण्याचे शिक्षण झाल्यावरच बहुतेक शाळा कुत्रा देतात.

साधारणतः आठ ते दहा वर्षांच्या वयात कुत्रा निवृत्त होतो. काही वेळा तो धन्याकडेच राहतो, काही वेळा लहानपणी वाढवणारे कुटुंब त्याला परत नेते. दुसऱ्या कुत्र्याशी जुळवून घेताना अनेकांना पहिल्याच्या वियोगाचे दुःख वर्षभर पुरते, ही बाब आता शाळाही गांभीर्याने घेतात.

कायदा व लोकव्यवहार : अमेरिकेतील 1990 चा अपंगत्वविषयक कायदा, जपानचा 2002 चा सहायक श्वानांचा कायदा आणि ब्रिटनचा 2010 चा समानता कायदा यांनी अशा कुत्र्यांसह सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क दिला आहे. तरीही टॅक्सी व उपाहारगृहे प्रवेश नाकारतात, अशा तक्रारी त्या देशांतही थांबलेल्या नाहीत. अशी अडवणूक म्हणजे प्रत्यक्षात त्या व्यक्तीलाच दारात रोखणे होय. हार्नेस घातलेल्या कुत्र्याला हाक मारणे, गोंजारणे किंवा खाऊ देणे कटाक्षाने टाळावे. त्याचे लक्ष क्षणभर विचलित झाले तरी दुखापत माणसाला होते. काही विचारायचे असल्यास ते व्यक्तीला विचारावे.

भारत : भारतात मार्गदर्शक श्वान अत्यंत विरळ आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय अंध संघासह (स्थापना 1952) येथील संस्थांचा भर पांढऱ्या काठीच्या प्रशिक्षणावर राहिला आहे, आणि रोजच्या व्यवहारात डोळस सोबत्याचे कोपर हाच मोठा आधार आहे. प्रशिक्षणाचा खर्च आणि परदेशातून कुत्रा आणण्यातील अडचणी ही कारणे सहज दिसतात. पण खरी अडचण रस्त्याची आहे. मार्गदर्शनाची सारी पद्धत सलग फुटपाथ व ठळक कडा गृहीत धरते. मुंबई-पुण्यात फुटपाथ मध्येच संपतो, त्यावर दुचाकी लावलेल्या असतात, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात. हॉर्नच्या गलक्यात वाहनांचा आवाज निवडून ऐकणेही कठीण जाते. भटक्या कुत्र्यांचे टोळके अंगावर आले तर हार्नेसमधील कुत्रा काम करू शकत नाही. उन्हाळ्यात तापलेले डांबर त्याच्या पंजांना भाजते.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या ज्या कराराला भारताने 2007 मध्ये अनुसमर्थन दिले, त्याच्या विसाव्या अनुच्छेदात संचारासाठी ‘सजीव साहाय्य’ मिळवून देण्याचा उल्लेख आहे व त्यात मार्गदर्शक श्वानांचा समावेश होतो असे समजले जाते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रशिक्षित मार्गदर्शक श्वानाला अंध प्रवाशाबरोबर विमानाच्या केबिनमधून नेण्याची मुभा आहे.