ऑप्टिकल कम्प्रेसर किट: फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सेट करताना

कम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारा बॉक्स, त्याचं किट जोडून झालं की आठवड्याभरात हमखास फोन येतो, एकतर "कम्प्रेसर ट्रेबल खातोय" नाहीतर "डग्गा वाजला की गाणारीचा आवाज खाली बसतो". लोक दोन्हीला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच म्हणतात, पण बोर्डावर त्या दोन वेगळ्या जागा आहेत आणि भलत्या जागी सोल्डरिंग गन लावली की रविवार गेलाच म्हणून समजा.

आवाजाचा रस्ता असा: इनपुट, 68 केचा (68 किलोओहम) रेझिस्टर, एलडीआर (उजेड पडला की रेझिस्टन्स उतरणारा पार्ट), बफर (पुढच्या केबलचा भार एलडीआरवर येऊ न देणारा आयसी), आउटपुट. साइडचेनचा, म्हणजे आवाज किती दाबायचा ते ठरवणारा रस्ता वेगळा, तो कानावर येतच नाही, त्याचं काम फक्त एलईडी पेटवायचं. एलईडी जितका जोरात पेटेल तितका एलडीआरचा रेझिस्टन्स उतरतो आणि तितका आवाज दाबला जातो.

आधी आवाजाचा रस्ता तपासा. पीक रिडक्शनचा (आवाज किती दाबायचा त्याचा) नॉब शून्यावर आणि झाकण बंद, कारण एलईडी-एलडीआरवरच्या हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीच्या) टोकातून ट्यूबलाइटचा उजेड आत शिरला तर एलडीआर आधीच थोडा दबलेला असतो आणि सगळं माप चुकतं. ऑडॅसिटीत 100, 1000 आणि 10000 हर्ट्झचे सारख्या लेव्हलचे टोन बनवा, साउंडकार्डच्या आउटमधून इनमध्ये आधी नुसती केबल लावून रेकॉर्ड करा, मग मध्ये कम्प्रेसर घालून परत. अर्ध्या डीबीच्या आत फरक असेल तर काही करू नका. आणि हे मल्टिमीटरने मोजायला जाऊ नका प्लीज, स्वस्त मीटरची एसी रेंज घरातल्या 50 हर्ट्झच्या लाइटसाठी असते, 10000 ला तो वाट्टेल ते दाखवतो.

ट्रेबल खरंच पडत असेल तर पहिला संशय बफरवर. एक आयसी वाचवायला काहीजण बफर गाळून एलडीआरवरूनच केबल थेट मिक्सरला नेतात. शील्डेड केबल मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरा, तीन मीटरला 300, आणि 68 के बरोबर हिशोब केला तर 7800 हर्ट्झलाच 3 डीबी गेले! त्यात गंमत अशी की कम्प्रेशन सुरू झालं की एलडीआर उतरतो, त्यामुळे ट्रेबल परत येतो. म्हणजे हळू गायलं की आवाज मंद आणि जोरात गायलं की एकदम चकचकीत. हे इक्यूने कधीच सुटणार नाही, बफर लावा.

आता डग्ग्याचं. ढोलकी असो की डग्गा, घुमारा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्यात ताकद भरपूर, त्यामुळे साइडचेनला तोच दिसतो आणि शिक्षा मात्र गाणारीला. उपाय म्हणजे साइडचेनला बास कमी पोचवायचा. ही आयडिया जुनीच आहे, 1960 च्या दशकातल्या टेलेट्रॉनिक्स एलए-2ए मध्ये आर-37 नावाचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) असायचा, तो फिरवला की 1000 हर्ट्झच्या खालचं साइडचेनला कमी पोचायचं. तो होता एफएम रेडिओसाठी, कारण तिथे ट्रेबल मुद्दाम उचलून पाठवतात. आपल्याला तेवढं वर जायची गरज नाही.

आपल्या बोर्डावर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यानंतर ग्राउंडला 10 के अधिक 100 केचा ट्रिमर आहे. ट्रिमर पूर्ण 100 केवर असताना कटऑफ (ज्याच्या खालचा बास कमी होत जातो ती फ्रिक्वेन्सी) 14 हर्ट्झ, म्हणजे सपाटच. शून्यावर आणला की 159. पण अर्ध्यावर आणला तरी जेमतेम 26 होतो आणि 80 ते 159 चा सगळा खेळ शेवटच्या दहाव्या भागात होतो, त्यामुळे "ट्रिमर खराब दिलाय" म्हणून फोन करण्याआधी तिथे स्क्रूड्रायव्हर अगदी सावकाश फिरवून बघा. डग्ग्याच्या ठोक्याला कम्प्रेसरच्या मीटरची सुई उडायची थांबली आणि गाण्याच्या सुराला हलायला लागली की झालं. ठोका स्वतः बारीक होत नाही, कारण आवाजाच्या रस्त्याला आपण हातच लावलेला नाही.

तेवढ्याने भागलं नाही, म्हणजे मंडळाच्या स्टेजवर एकाच माइकमध्ये ढोलकी आणि निवेदक दोघं येत असतील, तर 0.1 च्या जागी 0.047 टाका, कटऑफ 339 पर्यंत जातो. पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळेल, फक्त फिल्म टाइप मागा. मात्र बास जितका काढाल तितका साइडचेन स, श, च वर जास्त भडकतो, पॉडकास्टवाल्यांनी हे जास्त सांभाळा. कपॅसिटर बदलल्यावर पीक रिडक्शन थोडं वाढवावं लागेल, साइडचेनला सिग्नलच कमी मिळतोय ना.

एवढं करून जमलं नाही तर बोर्ड घेऊन दुकानात या, येताना तुमचा अडॅप्टर आणि तुम्ही वापरता तीच केबल बरोबर आणा.