म्युस्कादे

फ्रान्सच्या पश्चिमेस, ल्वार नदी अटलांटिक महासागराला मिळते त्या नांत शहराच्या परिसरात होणारी कोरडी, हलकी आणि तरतरीत आंबटपणाची पांढरी वाइन. नावातील साम्यामुळे सुगंधी मस्कत द्राक्षाशी तिची गल्लत होते. प्रत्यक्षात ती ‘मेलोन द बुर्गोन्य’ या द्राक्षापासून करतात. नाशिकच्या वाइनमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला शेनिन ब्लां हा वाणही ल्वारच्याच खोऱ्यातला, पण तो नदीच्या वरच्या अंगाला, आंजू व तुरेन भागांत पिकतो.

मेलोन मूळचा पूर्व फ्रान्समधील बरगंडीचा (फ्रेंच उच्चार बुर्गोन्य). पिनो आणि गुए ब्लां यांच्या संकरातून तो निर्माण झाल्याचे जनुकीय तपासणीतून दिसून आले असून त्या नात्याने शार्दने हे प्रसिद्ध पांढरे द्राक्ष त्याचे सख्खे भावंड ठरते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी स्वस्त, सौम्य पांढरी वाइन हवी होती, त्यामुळे नांतभोवती पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. पुढे 1709 च्या भीषण हिवाळ्यात तेथील वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, तेव्हा थंडी सोसणारा मेलोन सर्वत्र लावण्यात आला. कडाक्याचा हिवाळा सोसणाऱ्या या वेलीचे कोवळे कोंब मात्र वसंतातील दहिवराने करपतात. एप्रिल 1991 आणि एप्रिल 2021 मध्ये असे मोठे नुकसान झाले.

या द्राक्षाला स्वतःचा असा ठळक सुगंध नाही, म्हणून वाइनचा स्वभाव घडतो तो तळघरात. किण्वन संपल्यावर मृत यीस्टचा मऊ गाळ तळाशी बसतो. इतर ठिकाणी वाइन बहुधा लवकरच त्यावरून काढून घेतात. येथे ती निदान एक हिवाळा त्याच गाळावर राहू देतात आणि न हलवता थेट बाटलीत भरतात. या पद्धतीला ‘स्यूर ली’, म्हणजे ‘गाळावर’, असे म्हणतात. गाळातील यीस्टपेशी हळूहळू विरघळून वाइनला भरीवपणा व ताज्या पावासारखा वास देतात, हवेपासून तिचे रक्षण करतात, आणि विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइड टिकून राहिल्याने जिभेवर बारीक चुरचुर जाणवते. या पद्धतीचा उगम घरगुती असल्याचे सांगितले जाते: द्राक्षबागाईतदार कुटुंबे चांगले उतरलेले एखादे पिंप घरातील लग्नकार्यासाठी गाळासह राखून ठेवत, आणि तीच वाइन अधिक रुचकर लागे. आज अनेक कुटुंबे पिंपांऐवजी जमिनीखालच्या, आतून काच बसवलेल्या टाक्या वापरतात.

सेव्र आणि मेन या नद्यांच्या काठचा ‘सेव्र-ए-मेन’ हा सर्वांत महत्त्वाचा विभाग. त्याला 1936 मध्ये अधिकृत भौगोलिक मानांकन मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांमार्फत पातळ, स्वस्त माल अफाट विकला गेला व म्युस्कादेचे नाव खालावले. ते सावरण्याचे बरेचसे श्रेय स्वतःच्या बागेची वाइन स्वतः बाटलीत भरणाऱ्या लहान कुटुंबांना द्यावे लागते. ग्रॅनाइट, नाइस, गॅब्रो अशा खडकांनुसार वाइनचा कस बदलतो हे त्यांनी दाखवून दिले. 2011 मध्ये क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या गावांच्या नावांना स्वतंत्र मान्यता मिळाली. पहिल्या दोन गावांची वाइन किमान 24 महिने गाळावर मुरवावी लागते. म्युस्कादे ताजीच प्यावी हा समज अशा वाइनना लागू पडत नाही, कारण त्या दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ टिकतात.

किनाऱ्यावरच्या कच्च्या कालवांबरोबर ही वाइन थंड करून देण्याची तेथे रीत आहे. कालवांच्या खारटपणापुढे तिचा आंबटपणा लिंबाच्या फोडीचे काम करतो.