लिथुआनियन वाल्दस, जर्मन वाल्डेमार: नाव नेमकं कुठलं?

शेवटी ‘-अस’ आलं म्हणजे नाव लिथुआनियन, असा सरळ हिशेब बरेच जण मांडतात आणि तिथेच फसतात. हा प्रत्यय म्हणजे पुल्लिंगी प्रथमा. संस्कृत ‘देवः’मधल्या विसर्गाशी त्याचं थेट नातं आहे. नाव घरचं असो वा परकं, तो लागतोच. रॉबर्टचा रोबेर्तस होतो, आर्नोल्डचा आर्नोल्दस. मूळ जर्मानिकच, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डॅनिश यांच्या भाषाकुळातलंच राहतं.

तेव्हा प्रत्यय बाजूला काढून उरलेले तुकडे तपासावेत. दोन्हीकडची कितीतरी जुनी नावं दोन शब्द जोडून झाली आहेत. जर्मन डीट्रिखमध्ये ‘लोक’ आणि ‘सत्ताधीश’ असे तुकडे आहेत. 1430 साली वारलेला लिथुआनियाचा महाराजा वीताउतस, त्याच्या नावातल्या ‘ताउता’चा अर्थही लोक, राष्ट्र. मग हे जर्मनांकडून घेतलं का? नाही, आणि पुरावा एका अक्षरात आहे. दोन्हींच्या मूळ प्राचीन शब्दात ‘त’ होता. जर्मानिक भाषांत तो ‘थ’कडे सरकला आणि जर्मनमध्ये ‘ड’ झाला. लिथुआनियनने ‘त’ जपला. शब्द जर्मनमधून उचलला असता, तर तिथे ‘द’ सापडला असता. नुसता अर्थ जुळतो म्हणून निष्कर्ष काढण्यापेक्षा ही कसोटी मला कितीतरी भरवशाची वाटते.

काही नावांना एवढा तपास लागतच नाही. फ्युर्ख्टेगॉट, म्हणजे ‘देवाचं भय बाळग’, हे जर्मन प्रोटेस्टंट भाविकांचंच. आउश्रा, म्हणजे पहाट, आपल्या उषेची नातलग, हे उघड लिथुआनियन.

खरा पेच वाल्दसचा. लिथुआनियनमध्ये ‘वाल्दीती’ म्हणजे सत्ता चालवणं, आणि वाल्डेमारमधल्या जर्मानिक ‘वाल्ड’चा अर्थही तोच. इथे ‘द’ दोन्हीकडे असल्यामुळे वरची कसोटी चालत नाही. त्यात वाल्डेमारही निखळ जर्मानिक म्हणता येत नाही. 1131 साली जन्मलेल्या डेन्मार्कच्या पहिल्या वाल्डेमार राजाला हे नाव मिळालं ते आईच्या आजोबांवरून, कीव्हच्या व्लादिमीर मोनोमाखवरून. स्लाव्ह नावच जर्मानिक साच्यात बसवलेलं!

अशा वेळी शब्दकोश मिटून त्या माणसाची जन्मनोंद पाहावी. लिथुआनियाचे माजी राष्ट्राध्यक्ष वाल्दस आदामकुस 1926 साली काउनसमध्ये जन्मले, तेव्हा त्यांचं नाव वोल्देमारस होतं. त्यांच्यापुरतं तरी ‘वाल्दस’ हे वाल्डेमारचंच आखूड रूप आहे.