खुलासा: ‘सॉफ्टवेअर एकदा बनवलं की पैसे येतच राहतात’

‘एकदा सॉफ्टवेअर बनवा, मग दरमहा घरबसल्या कमाई’ हा मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. पटतोही, कारण सॉफ्टवेअर वापरण्याची वर्गणी ग्राहकांकडून खरोखरच दरमहा जमा होते. पण ग्राहक गळतात, म्हणजे वर्गणी बंद करून निघून जातात, आणि पदरचे पैसे घालून धंदा उभारणाऱ्याला ही गळती फार जड जाते.

कागद घ्या. 100 ग्राहक, दरमहा 5 टक्के गळती. महिन्याअखेर 95, मग साधारण 90. नवीन कोणी आलं नाही तर वर्षाअखेर जेमतेम 54. दरमहा 10 नवे जोडलेत तरी आकडा 200 पुढे जात नाही, कारण 200 चे 5 टक्के म्हणजे तेच 10. गळती निम्मी केलीत, तर मर्यादा 400.

तुमची गळती तपासायला 1 तारखेची ग्राहकयादी ठेवा. पुढच्या 1 तारखेला त्यातली किती नावं उरली, ते मोजा.