थर्मोस्टॅट काढून टाकू नका!

‘गाडी गरम होतेय ना, मग थर्मोस्टॅट काढूनच टाका, तो थंड देशांसाठी असतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि साफ चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर (कूलंट गार करणारी जाळी) यांच्यामधला, तापमानानुसार उघडझाप करणारा व्हॉल्व्ह. इंजिनला नुसतं गार राहायचं नसतं, 90 अंशांच्या आसपास राहायचं असतं. गार इंजिनात इंधन नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. म्हणून गाडी सुरू केल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बायपासने (रेडिएटर टाळणाऱ्या वाटेने) इंजिनातच फिरत राहतं.

आता खरी गंमत बघा, साध्या थर्मोस्टॅटला ना वायर ना सेन्सर, आत धातूच्या छोट्या डबीत फक्त खास मेण भरलेलं असतं. ते साधारण 82 ते 88 अंशांना वितळायला लागतं, वितळताना फुगतं, डबी बंद असल्यामुळे फुगायला जागाच नाही, मग ते रबराच्या आवरणातून पिनवर एवढा जोर लावतं की स्प्रिंग दबते आणि व्हॉल्व्ह उघडतो. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह परत मिटवते. आधीच्या थर्मोस्टॅटमध्ये पटकन उकळणारं द्रव भरलेला भाता असायचा, पण कूलिंग सिस्टिममध्ये दाब वाढला की त्याचं उघडण्याचं तापमानच सरकायचं. मेणाला त्या दाबाने जवळपास फरक पडत नाही!

बऱ्याच थर्मोस्टॅटना खाली दुसरी चकती असते, रेडिएटरची वाट उघडली की ती बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला टाळून परत इंजिनात, आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

तापमानाचा काटा वर चढलाय पण रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गारच आहे, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बंद अडकलेला असतो. उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही आणि ॲव्हरेज पडतं. खात्री करायची तर काढलेला थर्मोस्टॅट पाण्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवा, सोबत थर्मामीटर ठेवा, त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. कूलंटमध्ये ओतायच्या ‘जादुई’ बाटल्यांनी अडकलेला व्हॉल्व्ह सुटत नाही, त्यात पैसे घालू नका.

रस्त्यात काटा लालमध्ये गेला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरची कॅप लगेच उघडायची नाही म्हणजे नाही, कुकरसारखंच आहे ते, दाबामुळे कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही पण कॅप सैल होताच वाफ होऊन तोंडावर उसळतं. नवा थर्मोस्टॅट त्याच अंशांचा घ्या, गॅस्केटही नवं टाका, आणि आडवा बसत असेल तर हवा सुटायची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा.