पाळकसेवा (पेन्टेकॉस्टल मंडळ्या, सातारा-सांगली)

पेन्टेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा (चर्चचा) पाळक, म्हणजे पास्टर, आयुष्यभर जे काम करतो त्याला पाळकसेवा किंवा नुसते ‘सेवा’ म्हणतात. ‘पास्टर कुठे सेवेत आहेत?’ असे विचारले की उत्तरात गावाचे नाव येते आणि बहुधा त्यामागोमाग वर्षांचा आकडाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही सेवा व्यासपीठापेक्षा घराच्या ओट्यावर जास्त घडते. वीस-तीस वर्षे एकाच गावात टिकलेल्या पाळकाचे मोल त्यामुळेच वेगळे आहे.

पेन्टेकॉस्ट म्हणजे ईस्टरपासून मोजलेला पन्नासावा दिवस. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते अन्य भाषांत बोलू लागले, अशी हकिगत आहे. तोच अनुभव आजही मिळतो, ही या मंडळ्यांची मूळ श्रद्धा. या चळवळीचा उगम बहुतेक ठिकाणी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील १९०६ च्या सभांत सांगितला जातो. मराठी माणसाने मात्र त्याआधीचे पुणे जिल्ह्यातले केडगाव विसरू नये. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये मुली रडून पापकबुली देऊ लागल्या, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तिथल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये पुस्तिकाही लिहिली. सगळ्यांनी एकाच वेळी आवाज चढवून प्रार्थना करण्याची रीत आजही या मंडळ्यांत पहिल्यांदा येणाऱ्याच्या कानावर आधी पडते.

कृष्णाकाठी ख्रिस्ती उपासना त्याच्याही आधीची. अमेरिकन मिशनच्या शाळा आणि दवाखाने इथे एकोणिसाव्या शतकातच आले, मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची भजने पेटी, टाळ आणि खंजिरीवर पेन्टेकॉस्टल सभांतही म्हटली जातात. मिशनच्या बऱ्याच मंडळ्या पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झाल्या. पेन्टेकॉस्टल मंडळ्या वेगळ्या राहिल्या, आणि पाळकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक पगाराचा. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला ठरलेले वेतन नसते. दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि खुशीचे अर्पण यांवर घर चालते. ज्याच्या मंडळीत शेतमजूर जास्त, त्याच्या घरची चूलही हंगामावर अवलंबून. दानात रोख रकमेबरोबर ज्वारी येते, शेंगा येतात, कधी गुळाची ढेप येते.

रविवारची उपासना म्हणजे स्तुती-आराधना, साक्षी (लोकांनी सांगितलेले स्वतःचे अनुभव), वचन (पाळकाचा संदेश) आणि शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, बहुधा महिन्यातून एकदा. बाप्तिस्मा समजत्या वयात, पूर्ण बुडवून देतात. लहान बाळाला फक्त प्रार्थना करून देवाला अर्पण करतात. नदीकाठच्या गावांत बाप्तिस्म्यासाठी कृष्णेचा कमरेइतक्या पाण्याचा शांत पट्टा पाहून ठेवलेला असतो. जत, आटपाडी, माण अशा दुष्काळी तालुक्यांत विहीर किंवा शेततळे शोधावे लागते, नाहीतर अंगणातला सिमेंटचा हौद भरून घेतात.

घरभेट हा सेवेचा गाभा. पाळक संध्याकाळी, माणसे रानातून परतल्यावर येतो. चपला दाराबाहेर काढतो. घरची बाई सतरंजी टाकते, टीव्हीचा आवाज बंद करते, डोक्यावर पदर घेते. कापडी पिशवीतून पवित्र शास्त्र निघते, त्याच्या पानांत प्रार्थनाविनंत्यांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या असतात: कुणाचे कर्ज, कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाच्या नवऱ्याची दारू. वाचन लहान असते. ऐकणेच जास्त वेळ चालते. ज्याला एखाद्या घरच्या तीन पिढ्यांची नावे पाठ आहेत, त्याला काय विचारावे आणि काय विचारू नये हे बरोबर कळते. नव्या पाळकाला हे कुठल्याही बायबल कॉलेजात शिकता येत नाही.

आजाऱ्याला तेल लावून, हात ठेवून प्रार्थना करतात. त्याला बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातील ५व्या अध्यायाचा आधार आहे. इथे स्पष्ट लिहिले पाहिजे की औषध सोडायला लावणारी सेवा धोक्याची आहे. तशी शिकवण कुठे दिली जात असेल तर ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. जाणता पाळक प्रार्थना करतो आणि रुग्णाला मिरजेलाही नेतो. वॉर्डाबाहेर नातेवाइकांसोबत रात्र काढणे, केसपेपर काढून देणे, रक्तदाते गोळा करणे हे सगळे त्याच्या सेवेतच मोडते.

लग्न लावण्याचा अधिकार केवळ पाळक झाल्याने मिळत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना लागतो. नसेल तर परवानाधारक पाळकाला बोलवावे लागते. दफनभूमीचा प्रश्न त्याहून नाजूक. जुन्या दफनभूम्या बहुधा मिशनच्या मंडळ्यांकडे असतात, आणि घरात प्रेत असताना जागेसाठी विनवणी करण्याची वेळ पाळकावर येते. अशा वेळी गावातली त्याची वर्षानुवर्षांची ओळखच कामी येते.

पाळकाच्या पत्नीचे नाव पत्रिकेवर नसते, पण बायकांची उपास-प्रार्थना, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) आणि आल्या-गेल्याचा चहा तिच्याकडेच. निम्मी सेवा तिची आहे, असे म्हणणेही कमीच. सेवानिवृत्तीचे वय बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही. मुलगा किंवा हाताखाली तयार झालेला तरुण हळूहळू संदेश देऊ लागतो. म्हातारे पास्टर पुढच्या खुर्चीत बसतात, आणि उपासनेच्या शेवटी आशीर्वादासाठी त्यांनाच दोन्ही बाजूंनी धरून उभे करतात.